चहाच्या रंगाची फळी

साखरबाईने आपला टब आणखी वीतभर पलीकडे सरकवला, तेव्हा शकूचा कोयता घोळ माशाच्या मानेवरच थांबला.

“काय गं, काय जालं?”

“काय नाय. ऊन येतं हिकडं.”

शकूने वर पाहिलं. बोईसरच्या मासळी बाजारावर पत्रा घातल्याला कैक वर्षं झाली होती. ओट्याच्या या टोकाला ऊन यायचं ते दुपारी, बायका टोपल्या झटकून घरी निघाल्यावर. हे साखरबाईला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! लग्न होऊन आल्यापासून दोघी शेजारी बसत आलेल्या. एकीचा बर्फ संपला तर दुसरीने आपल्या लादीचा तुकडा फोडून द्यायचा, एक चहाला गेली तर दुसरीने दोन्ही टब राखायचे. गिऱ्हाईक मात्र जिने तिने आपापल्या जिभेच्या जोरावर ओढायचं. कालही साखरबाई अशीच थोडी सरकली होती. शकूला वाटलं, पाण्याचा ओघळ चुकवत असेल.

तेवढ्यात तारापूरच्या अणुवीज प्रकल्पाच्या वसाहतीतली एक नेहमीची बाई आली. पापलेटाचा कल्ला उघडून बघायला म्हणून वाकली, तोच तिची नजर पापलेटांखालच्या फळीवर गेली आणि पुढे आलेला हात तिने मागे घेतला.

“हीच का हो ती फळी?”

“कंची ती?”

“नाही, काही नाही. आज आमच्याकडे उपास आहे.”

उपास असलेली बाई पिशवी घेऊन मासळी बाजारात कशाला येईल? शकूने मान उंचावून पाहिलं, तर बाई पलीकडच्या रांगेत करंदी निवडत बसली होती. साखरबाई आपल्या टबातल्या मांदेल्यांवर उगाच पाणी मारत होती, आणि तिने शकूकडे बघितलं नाही.

ही जागा तशी शकूची नव्हे. तिच्या सासूची, आणि त्याआधी सासूच्या सासूची. दारातून आत शिरणाऱ्याची नजर पहिली पडते ती इथे, म्हणून सगळ्या बाजाराचा डोळा या जागेवर. कागद नाही, पावती नाही. जागा सासूने सुनेला द्यायची ती सगळ्या बायकांदेखत. घरून बाटलीत समुद्राचं पाणी भरून आणायचं, ओट्यावर शिंपडायचं, ओल्या जागेवर सुनेला बसवायचं आणि तिच्या टबात पहिला मासा आपल्या हाताने टाकायचा, की झालं. त्यानंतर नियम एकच, जागा कोरडी ठेवायची नाही. बाई आजारी असो, बाळंतीण असो की सुतकात असो, शेजारणीने तिच्या जागेवर सकाळी पाणी शिंपडायचं. कोरडी जागा म्हणजे सोडलेली जागा. मुलगा सुजीत झाला तेव्हा शकूच्या जागेवर सव्वा महिना पाणी शिंपडलं होतं ते याच साखरबाईने.

आणि तीच साखरबाई आता वीत वीत सरकत होती.

आता त्या फळीची गोष्ट सांगायला हवी, आणि फळीची सांगायची तर नवशाची सांगायला हवी. नवशा हा शकूचा नवरा. अणुवीज केंद्राला लागून असलेल्या घिवली गावचा, पण होडीवर कधी रमला नाही. समुद्र लागायचा त्याला. नाखवाच्या पोराला समुद्र लागतो म्हटल्यावर गावाने हसून घेतलं, मग नवशाने मुरबे गावात होड्यांना फायबरचा लेप देणाऱ्याच्या हाताखाली काम धरलं आणि तिथून तो बोईसरच्या एमआयडीसीत रामनाथ शेठच्या कारखान्यात आला. काम साधं दिसतं. साच्यावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, तिच्यावर रेझिन नावाचा चिकट द्रव ओतायचा, रोलर फिरवायचा, पुन्हा चटई, पुन्हा रेझिन. रेझिन सुकलं की काच आणि रेझिन मिळून लोखंडाच्या तोंडात मारील अशी वस्तू होते. पण रोलर फिरवताना आत हवेचा बुडबुडा राहिला की पुढे तिथूनच घात. नवशाचा रोलर असा फिरायचा की बुडबुड्याला पळायला जागा उरायची नाही. या कामाने त्याला दोन गोष्टी दिल्या, अंगात कायमची काचेची खाज आणि छातीत कोरडा खोकला. त्या खोकल्याला घाबरून कोणी कधी वीतभर सरकलं नव्हतं.

गेल्या वर्षी शेठकडे एक मोठं काम येऊ घातलं. जिथे भिंतींवर, पत्र्यांवर दिवसरात्र किरणं पडतात अशा कुठल्याशा जागेसाठी फायबरचे तक्ते हवे होते. ती जागा कुठली, हे शेठने सांगितलं नाही आणि नवशाने विचारलं नाही. अट एवढीच की आधी नमुन्याच्या फळ्या द्यायच्या. त्या फळ्या गॅमा किरणांखाली ठेवणार, तक्त्यांच्या सगळ्या आयुष्यात जेवढा मारा व्हायचा तेवढा काही आठवड्यांत करणार, आणि मग मोडून बघणार. शेठने वेगवेगळी रेझिनं आणली, चौघा कारागिरांकडून फळ्या घडवून घेतल्या आणि खोक्यात घालून पाठवून दिल्या.

खोकं परत आलं तेव्हा सगळा कारखाना प्रयोगशाळेच्या दारात जमला. जाताना पांढरट, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या फळ्या आता कोणी ओळखू नयेत अशा झाल्या होत्या. एक फोडांनी भरलेली, एकीला भेगा, एक तर खोक्यातून उचलतानाच कोपऱ्यातून निखळली. नवशाची फळी तेवढी सपाट, गुळगुळीत, आणि रंगाने कडक चहासारखी.

“अरे चाचा, आपका प्लेट तो चाय पी के आया है!” बिहारकडचा एक कामगार ओरडला आणि सगळे हसले.

प्रयोगशाळेत चारुता म्हणून जळगावकडची मुलगी होती. तिने निखळलेली फळी हातात घेतली आणि काथ्याची दोरी उसवावी तसे तिच्यातून धागे ओढून काढले.

“बघा काका. काच जशीच्या तशी आहे. तिला काही झालेलं नाही. रेझिन म्हणजे लांबच लांब साखळ्या असतात. किरणांनी त्या कुठे तुटल्या, कुठे भलत्याच ठिकाणी जुळल्या. मग ते पाक पुढे गेलेल्या चिक्कीसारखं कडकडीत होतं. धागे सगळे आहेत, पण त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारं मेलं.”

“मंग माजी कशी ऱ्हायली, म्याडम?”

“तुमच्या फळीचं रेझिन जातीचं चांगलं होतं, हे अर्धं कारण. आणि तुम्ही आत हवा ठेवली नाहीत, हे दुसरं अर्धं.”

नवशाने दुसरं अर्धंच तेवढं ऐकलं.

चाचणीसाठी फळीच्या पट्ट्या कापून झाल्यावर दीड हाताचा तुकडा उरला. तो नवशाने मागून घेतला. घरी न्यायला चालेल ना, एवढं मात्र त्याने विचारलं, कारण घिवलीचा माणूस किरणं म्हटलं की दोनदा विचारतोच.

“खुशाल न्या,” चारुता म्हणाली. “किरणं आली आणि गेली. भिंतीवर ऊन पडून गेलं म्हणून भिंतीत ऊन राहतं का? याच यंत्रात डॉक्टरांच्या सुया ठेवतात, मसाले ठेवतात. तुम्ही ते खाताच की.”

फळी घरी आली. शकूने उलटसुलट करून पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी बाजारात नेली. त्या चहाच्या रंगावर पापलेटं मांडली की अशी चांदीसारखी उठून दिसायची की चालता माणूस थांबावा. एक तांब्या पाणी मारलं की रक्ताचा डाग नाही, वास नाही. दोन महिने फळी तिथे राहिली आणि कोणाचं काही बिघडलं नाही. बिघडायचं कारणही नव्हतं, जर नवशाने आपलं तोंड बंद ठेवलं असतं.

पण आयुष्यभर समुद्र लागतो म्हणून ज्याची थट्टा झाली, त्याच्या हातून एकदा काहीतरी मोठं घडलं होतं. ते पोटात कसं राहणार? मुरब्याला भाच्याची हळद होती. मंडपामागे पुरुष बसले होते, पेले भरले होते, आणि होडीवाले आपापल्या होड्यांच्या, तुफानांच्या गोष्टी सांगत होते. नवशाच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं होतंच. तो मांडीवर थाप मारून म्हणाला, “तुमी वाऱ्याचं काय सांगता! माज्या फळीनं जेवडं रेडिएशन सोसलंय, तेवडं मानसाला दिलं तर मानूस जागेवर आडवा व्हईल. आनि फळी? फळी आमच्या शकूच्या टबावर हाय. रोज तिच्यावर पापलेटं मांडते ती!”

पुरुषांनी माना डोलावल्या. वाढायला आलेल्या बायकांनी मात्र एकमेकींकडे पाहिलं. नवरदेवाच्या अंगावरची हळद उतरायच्या आत ती गोष्ट बोईसरच्या बाजारात पोचली.

वसाहतीतली बाई उपासाचं सांगून गेली त्या दिवशी शकू अर्धा टब मासे परत घेऊन घरी आली. घोळीचं डोकंसुद्धा गेलं नव्हतं. नवशा कारखान्यातून येऊन पाय धूत होता.

“कोनाकोनाला सांगितलंत?” तिने विचारलं.

“काय?”

“फळीचं.”

नवशाने आधी हळदीतलं सांगितलं, मग चारुताने सांगितलेलं सांगितलं, मग साखळ्यांचं, मग उन्हाचं आणि भिंतीचं. शकूने सगळं ऐकून घेतलं.

“मना कशाला सांगताव? मना म्हाईत हाय फळी चांगली हाय. मी तिच्यावर मासे मांडते, मी तेच मासे तुमच्या पानात वाढते. पन गिऱ्हाइकाला काय सांगू? आधीच लोक मस्करी करतात, घिवलीची मासळी का, रातीला दिवा लागतो का घरात, का मासळीच चमकते म्हून. इतकी वरसं हसून नेलं मी. आता कशी हसू?”

तिने फळी उचलून मागच्या पडवीत भिंतीला टेकवली. दुसऱ्या दिवशी बाजारात फळीशिवाय गेली. तर बाजारात म्हणायला लागले, बघा, फळी लपवली.

नवशाला राहवेना. पाळीवर जाता जाता तो बाजारात शिरला आणि साखरबाईसमोर उकिडवा बसला.

“साखरबाय, तू शानी बाय. ऐक. भिंतीवर ऊन पडतं. ऊन गेल्यावर भिंतीत ऊन ऱ्हातं का?”

“ऱ्हातं तर!” साखरबाई म्हणाली. “दिवेलागनीला लाव हात भिंतीला. चटका बसंल.”

आजूबाजूच्या बायका हसल्या. चारुता तिथे असती तर तिलाही उत्तर सुचलं नसतं, असं नवशाला वाटलं. मग त्याने मसाल्याचं सांगितलं. त्याचा परिणाम एवढाच झाला की साखरबाईने दुकानातला मसाला आणायचं बंद केलं आणि माहेरून कुटून आणवला. टब मात्र तिने परत जवळ आणला नाही.

शकूच्या गिऱ्हाइकांत चंद्रभान म्हणून एक साहेब होते. वऱ्हाडातून येऊन तारापूरला नोकरीत जन्म घालवलेले. जागोजागची किरणं मोजत फिरायचं हेच त्यांचं काम होतं, आणि आता ते निवृत्त होऊन बोईसरमध्येच घर करून राहिले होते. बोंबलाचा काटा कसा काढायचा हे त्यांना शकूने शिकवलं होतं. बाजारात सगळे चुकवत होते, तेव्हाही ते येऊन मासे घेऊन जात. नवशाने त्यांना गाठलं.

“अहो, माझ्याकडे स्वतःचं मीटर आहे घरी,” साहेब म्हणाले. “रविवारी येतो. सगळ्यांसमोर मोजून दाखवतो. एका मिनिटाचं काम.”

नवशाने आनंदाने घरी येऊन सांगितलं. शकू बोंबील वाळत घालत होती. तिचे हात थांबले.

“नको,” ती म्हणाली.

“आगं, मापून दाखवल्यावर कोन बोलंल?”

“मापायला मानूस आनला म्हंजे मापन्यासारकं काय तरी हाय, आसं नाय का व्हनार? आता नुसती कुजबुज हाय. महिना-दोन महिने ऱ्हाईल. पावसुळ्यात बंदी लागंल, होड्या वर घेतील, तवा लोक इसरतील. मी काढीन तेवडे दिस. तुमी फक्त गप बसा.”

“तुला नाय कळत त्यातलं.”

हे वाक्य नवशाने पंचवीस वर्षांच्या संसारात नेमकं चुकीच्या दिवशी उच्चारलं. शकूने पुन्हा बोंबील दोन दोन करून जबड्यात जबडा अडकवून काठीवर टाकायला सुरुवात केली.

रविवारी बाजार तुडुंब भरलेला. नवशा फळी पोत्यात गुंडाळून घेऊन आला, सोबत चंद्रभान साहेब, हातात मोबाईलपेक्षा जरा मोठं असं पिवळं मीटर. साहेबांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. न बोलावताही लोक आलेच असते. गर्दी झाली, मागच्यांनी मोबाईल वर धरले. शकू आपल्या जागेवर पाय मुडपून बसली होती, डोक्यावर पदर घेऊन, एखाद्याच्या मयताला बसावं तशी.

साहेबांनी मीटर चालू केलं आणि फळीवर धरलं.

टिक. टिक टिक. टिक.

गर्दी एक पाऊल मागे गेली.

“घाबरू नका,” साहेब हसून म्हणाले. “हे एवढं सगळीकडेच असतं. फळीचं काही नाही त्यात. हे बघा, माशांवर धरतो.”

टिक. टिक. टिक टिक.

“आये गं!” मागून कोणीतरी म्हणालं.

“अहो, ऐका तर! हे जमिनीतून येतं, दगडातून येतं, आभाळातून येतं. केळ्यातसुद्धा असतं. तुमच्याआमच्या अंगात असतं!” साहेबांचं सगळं खरं होतं, आणि प्रत्येक खरं वाक्य शकूच्या टबात एक एक धोंडा टाकत होतं. सिद्ध करायचं म्हणून ते दोन पावलं पुढे गेले आणि त्यांनी मीटर साखरबाईच्या मांदेल्यांवर धरलं.

टिक टिक. टिक.

साखरबाई ताडकन उभी राहिली. “माज्या म्हावऱ्याला लागलं! हिच्या फळीचं माज्या म्हावऱ्याला लागलं!”

“बाई, नाही हो, ते आधीपासूनच असतं!”

“आधीपास्नं? मी काय इख इकते व्हय आधीपास्नं? सायेब, तुमचं मीटर घेऊन जा तुमच्या घरी!”

मग जो तो ओरडायला लागला. समोरच्या रांगेतली एक बाई म्हणाली, आमच्याही माशांवर धरून बघा. दुसरी म्हणाली, खबरदार हात लावाल तर. गिऱ्हाइकं पिशव्या काखेत मारून निघाली, आणि रविवारचा भरलेला बाजार दुपार व्हायच्या आत ओस पडला. चंद्रभान साहेब मीटर बंद करून हातात धरून उभे होते. “मी चांगल्यासाठीच...” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

नवशाने शकूकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि ते न पाहणं नवशाला शिव्यांपेक्षा जड गेलं.

बर्फ वितळून ओट्यांवरून पाणी वाहत होतं. बायका शकूभोवती जमल्या. रागावलेल्या नव्हत्या, नुसत्या घाबरलेल्या. शकूला भांडायला रागावलेली माणसं हवी होती, घाबरलेल्यांशी काय भांडणार? शेवटी साखरबाईच बोलली, आवाज खाली आणून.

“शकू, तुजं वायट चितत नाय गं कोन. पन आमच्या पोटाचा सवाल हाय. थोडे दिस घरी बस. लोक इसरतील.”

“आनि जागा?”

“जागा तुजीच. तुज्या सासूची हाय ती. मी शिपडीन पानी. सुजीतच्या टायमाला शिपडलं नव्हतं का?”

शकूने मान डोलावली. आपला ओटा तिने दोन बादल्या ओतून धुतला, कोपऱ्यातले खवले बोटाने काढले, रिकामा टब डोक्यावर घेतला आणि ती दारातून बाहेर पडली. फळी पोत्यात गुंडाळून नवशा मागून चालत होता. रिक्षात ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली.

दुसऱ्या आठवड्यापासून शकू कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जायला लागली. तिथे रांगेने बायका बसतात, खाली मान घालून सोलतात, आणि कोण कुठल्या गावची हे कोणी विचारत नाही. जिच्या हाकेने अर्धा बाजार मान वळवायचा, तिला दिवसभरात एक शब्द बोलायची गरज पडत नव्हती. बोटांना कोळंबीच्या काट्यांनी चिरा पडल्या. नवशाने एकदा मलम आणून दिलं. तिने ते देवळीत ठेवून दिलं.

बाजाराकडे ती पाऊलही टाकत नव्हती. पण संध्याकाळी नवशा घरी आला की एकच विचारायची, “जागा वली हाय ना?”

नवशा रोज पाळीवर जाताना बाजारावरून जायचा. पहिला आठवडा जागा ओली दिसली. साखरबाई बोलली तशी वागत होती. मग एके दिवशी कोरडी दिसली, पुन्हा एकदा ओली दिसली, आणि त्यानंतर कोरडीच. साखरबाईला वेळ मिळाला नसेल, हे एक. आणि त्या जागेजवळ जायलाच तिला नको वाटत असेल, हे दुसरं. नवशाला माहीत होतं की दुसरंच खरं. गंमत अशी, की ज्या जागेवर साऱ्या बाजाराचा डोळा होता तिथे दुसरी कोणीही येऊन बसली नाही. एका बाजूला साखरबाईचा टब, दुसऱ्या बाजूला दुसरीचा, आणि मधे चार माणसं झोपतील एवढी मोकळी फरशी. बायका त्याच होत्या, टब तेच, पत्रा तोच. चारुताने त्या दिवशी हाताने उसवलेली फळी नवशाला आठवली आणि तो भराभर चालायला लागला.

संध्याकाळी शकूने विचारलं, “जागा वली हाय ना?”

“हाय,” नवशा म्हणाला. “साखरबाय शिपडते रोज.”

शेठला काम मिळालं. नवशाच्या फळीवरच मिळालं, आणि शेठ ते नाकारणारा माणूस नव्हता. त्याने नवशाला शाल-श्रीफळ दिलं, पेढे वाटले. फोटोसाठी फळी मागवली. नवशाने ती पडवीतून काढून पुसून आणली आणि शाल पांघरून, फळी छातीशी धरून तो फोटोत उभा राहिला. चारुताने टाळ्या वाजवल्या. हा माणूस हसत का नाही, हे तिला कळेना. तिला कोणी बाजारातलं सांगितलं नव्हतं, आणि नवशाही सांगणार नव्हता. सांगितलं असतं तर ती भाबडी पोर दुसऱ्या रविवारी दुसरं मीटर घेऊन आली असती. फळी शेठने ठेवून घेतली. कामाच्या निमित्ताने येणारे मोठे मोठे साहेब ती हातात घेऊन टकटक वाजवून बघत आणि त्याच हाताने ढोकळा खात. एकही जण कधी खुर्ची सरकवून बसला नाही.

त्या दिवशी शकूने शाल घडी करून ट्रंकेत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवशा निघताना तिने पळसाच्या पानात गुंडाळलेली एक पुडी त्याच्या हातात दिली.

“काय हाय?”

“वले बोंबील. सुजीतनं आनलेत पहाटे. साखरबायला द्या. ती माजी जागा राखते, तिला काय द्यायला नको? सांगा, शकूनं दिलं म्हून.”

नवशा पुडी धरून उभा राहिला. आता खरं सांगावं, असं त्याच्या अगदी ओठाशी आलं. पण शकूचा चेहरा कितीतरी दिवसांनी जरा सैल झाला होता. तो तसाच निघाला.

बाजार नुकताच भरत होता. साखरबाईने त्याला दुरून येताना पाहिलं, त्याच्या हातातली पुडीही पाहिली, आणि ती खाली वाकून बर्फ फोडायला लागली. नवशा तिच्यासमोर जाऊन थांबला.

“शकूनं दिलंय.”

साखरबाईचा हात बर्फावर थांबला. तिचे डोळे भरून आले होते, हे नवशाला दिसलं. “ठेव तितं,” ती म्हणाली. कुठे, ते तिने सांगितलं नाही. हात काही तिने पुढे केला नाही.

नवशाने इकडेतिकडे पाहिलं. मग तो त्या मोकळ्या फरशीपाशी गेला आणि पुडी त्याने शकूच्या जागेवर ठेवली. तो दारापर्यंत पोचतो न पोचतो तोच बाजारातली लंगडी मांजर ओट्यावर चढली, पळसाचं पान पायाने उलगडून सावकाश बोंबील खायला बसली. तिला कोणी हाकललं नाही. पुडीतलं पाणी झिरपून फरशीवर पसरत होतं. नवशा दारात उभा राहून मांजरीचं खाणं संपेपर्यंत बघत राहिला, आणि त्या दिवशी त्याला पाळीवर पोचायला उशीर झाला.

संध्याकाळी शकूने विचारलं, “जागा वली हाय ना?”

“वली हाय,” नवशा म्हणाला. त्या दिवशी त्याला खोटं बोलावं लागलं नाही.